दीड वितीची पोरगी आणि डोळ्यांवर फेटा

बाजारात बायका मला अजून अडवतात. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण श्रीगोंद्याच्या बाजारात मी मेथीची जुडी हातात घेतली रे घेतली की मागून कुणीतरी येतं, एक पोरगं माझ्यापुढे ढकलतं आणि विचारतं, "शेख सिस्टर, वळखलं का ह्याला?"

आता ह्याला मी कशी ओळखणार? मी त्याला पाहिलं तेव्हा तो दीड वीत होता. डोळे मिटलेले, डोक्याला लोकरीची टोपी, नाकात नळी. आता तो पाचवीत आहे, हातात चिप्सचा पुडा आहे आणि माझ्याकडे असा बघतोय की मी पिशवीतून सुईच काढणार आहे. त्याला मी ओळखत नाही, पण त्याच्या आईला ओळखते. आयांचे चेहरे विसरता येत नाहीत. मग मी आईकडे बघते आणि ठोकून देते, "अगं बाई, नाक तेच की!" सगळे खूश होतात आणि मेथीवाली मला एक जुडी जास्त देते.

माझी नोकरी सरकारी दवाखान्यातली. शेवटची बरीच वर्षं मी नवजात बाळांच्या कक्षाची इन्चार्ज सिस्टर होते. लोक त्याला 'काचेची खोली' म्हणतात. "आमचं पोरगं काचंत ठेवलंय" असं सांगताना बापाच्या आवाजात काळजी असते आणि थोडा रुबाबही असतो. दिवस भरायच्या आत आलेली, वजनाला कमी, श्वास घ्यायला विसरणारी बाळं आमच्याकडे यायची. हो, विसरणारी. लवकर जन्मलेलं बाळ मध्येच श्वास घ्यायचं विसरतं. मग त्याच्या तळपायाला टिचकी मारून आठवण करून द्यायची. माझ्या नोकरीचा अर्धा भाग म्हणजे टिचक्या मारणं आणि उरलेला अर्धा भाग म्हणजे नातेवाईक.

काष्टीकडचे एक आजोबा होते, कोंबड्यांच्या शेडचे मालक. त्यांचा नातू आमच्याकडे तापत्या दिव्याखाली ठेवला होता. आजोबांनी काचेतून सगळी पाहणी केली आणि मला बाहेर बोलावून घेतलं. "सिस्टर, ह्ये तर आमचंच मशीन हाय. फकस्त बल्ब जरा खाली घ्या."

मी म्हटलं, "आजोबा, बल्ब बरोबर आहे. सून कुठंय तुमची? तिला इथं आणून बसवा, बाळ तिच्या छातीवर द्यायचंय."

"ती कशाला? माझ्या शेडात हजारानं पिल्लं हायती, त्यास्नी कुठं आई हाय? ऊब दिली का झालं."

"तुमच्या पिल्लांना पुढं शाळेत जायचं नसतं, लग्न करायचं नसतं, भावकीत भांडायचं नसतं. ह्याला हे सगळं करायचंय. त्याला नुसती ऊब पुरत नाही."

"भावकीचं खरं हाय," आजोबा म्हणाले आणि सुनेला आणायला गेले.

मी थट्टेत बोलले, पण ते खरंच होतं. आमचे डॉक्टर कोपरगावचे, वयाने माझ्या मुलाएवढे. ते पहिल्यांदा आले तेव्हा मला एकदम शेंडेफळ वाटले होते, पण शिकवायचे झकास. ते म्हणायचे, "सिस्टर, बाळ जन्मतं तेव्हा मेंदूचं घर बांधून झालेलं असतं, पण वायरिंग चालू असतं. कुणी उचललं, बोललं, छातीशी धरलं की एकेक दिवा लागतो. आई लांब आणि बाळ एकटं रडतंय, असं फार दिवस चाललं की अंगात ताण साचतो, आणि मग वायरिंग करणारा काम टाकून पळतो." मग लगेच पुढं म्हणायचे, "पण आयांना घाबरवू नका. बाळ चिवट असतं. आई नसली तर दुसरं एक माणूस नेमाने जवळ हवं. मग पुष्कळ भरून निघतं."

म्हणून आमच्याकडे कांगारू पद्धत होती. बाळाला फक्त टोपी आणि लंगोट, आईच्या उघड्या छातीवर उभं ठेवायचं, वरून कापडाने बांधायचं. आईचा श्वास चालतो, तसा बाळाला श्वास आठवतो. माझ्या टिचक्या त्यामुळे निम्म्याने कमी झाल्या. मी नोकरीला लागले तेव्हा उलट होतं. आयांना काचेबाहेर उभं करायचं, असा कडक नियम. एक बाई तर रोज फरशी पुसायचं फडकं मागून घ्यायची आणि काचेपुढची तेवढीच फरशी घासत बसायची. कुणाला काही बोलायची नाही. मला तिच्याबद्दल अजून वाईट वाटतं. फरशी मात्र तशी चकचकीत पुन्हा कधी झाली नाही.

आता सागर पैलवानाची गोष्ट सांगते. कारण बाजारात सगळ्यात जास्त मला तीच विचारतात.

सागर म्हणजे आमच्या तालुक्यातला नावाजलेला गडी. जत्रेच्या फडात उतरला की लोक झाडावर चढून बसायचे. मान कुठे संपते आणि खांदा कुठे सुरू होतो ते कळायचं नाही, दोन्ही कान कुस्तीत मोडून चुरगळलेले. घरी ऊस, चार-सहा जर्सी गाई, म्हातारी आई हौसाबाई आणि बायको अश्विनी. अश्विनी अंगाने काडी, पण घरात आवाज तिचाच. सातव्या महिन्यात तपासणीला यायची तेव्हा पैलवान मागून पिशवी धरून चालायचा आणि ती पुढून त्याला झापत यायची. "अहो, केसपेपर कुठाय? अहो, गाडी उन्हात का लावली?" पैलवान "व्हय, व्हय" करत यायचा. फडात ज्याला कुणी पाडू शकलं नाही, त्याला ही दर खेपेला आमच्या व्हरांड्यात पाडायची.

आठव्या महिन्यात अश्विनीचं ब्लडप्रेशर चढलं, झटके आले. बाळंतपण आमच्याकडे झालं, मुलगी झाली, पण अश्विनी शुद्धीवर नव्हती. तिला तातडीने नगरला मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं. तिथे बाळांच्या कक्षात जागा नव्हती, आमच्याकडे होती. म्हणून आई नगरला आणि लेक श्रीगोंद्याला. अश्विनीबरोबर तिची आई गेली. इकडे राहिली हौसाबाई, तिला दम्याचा खोकला, म्हणजे बाळाजवळ सोडायची सोय नाही. उरला पैलवान.

पोरीची लक्षणं काही बरी नव्हती. श्वास विसरायची, दूध टाकायची, आणि मला सगळ्यात न आवडणारी गोष्ट म्हणजे रडायची नाही. नुसती पडून राहायची. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, हिला माणूस पाहिजे. बापाला घ्या."

मी दारात जाऊन म्हटलं, "पैलवान, साबणाने अंघोळ करून या आणि शर्ट काढून आत या. बाळ तुमच्या छातीवर द्यायचंय."

पैलवान उठला, तेवढ्यात हौसाबाई दोन्ही हात पसरून दारात आडवी. "आत जायाचं न्हाई! पोरगी मुळावर आलीया. शांत झाल्याबिगर बापानं त्वांड बघायचं न्हाई!"

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. मूळ नक्षत्रावर जन्मलेलं मूल बापाला जड जातं, असं मानतात. म्हणून शांतीची पूजा होईपर्यंत बाप मुलाचं तोंड पाहत नाही. पूजेनंतरही एकदम नाही पाहायचं, आधी वाटीभर तेलात पडलेली सावली पाहायची. आणि ही पूजा चारेक आठवड्यांनी, पुन्हा तेच नक्षत्र आलं की.

"आजी, तोवर पोरगी राहील का?" मी सरळच विचारलं.

हौसाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "सिस्टर, तुमच्यात न्हाई ह्ये मूळबीळ, तुमाला न्हाई कळायचं. एकच ल्योक हाय मला. त्याचा बाप असाच तरणाताठा गेला."

आमच्यात मूळ नसेल, पण नजर आहे, ताईत आहे. माझ्या अम्मीने माझ्या लेकराच्या उशाखाली काय काय ठेवलं होतं ते सांगितलं असतं तर डॉक्टरांनी मला कामावरून काढलं असतं. मी हौसाबाईला हसणार नव्हते. पण पोरीलाही तशी सोडणार नव्हते.

म्हटलं, "आजी, तोंड बघायचं नाही ना? मग बघू नये त्याने. छातीला कुठं डोळे असतात?"

हौसाबाईचा खोकला थांबला. पैलवान माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "तुमच्या गुरुजींना लावा फोन."

गुरुजी कुठल्याशा लग्नात होते, मागे बँड वाजत होता. फोन स्पीकरवर टाकला. हौसाबाईने सगळं ओरडून सांगितलं. गुरुजींनी बँडपासून लांब जाऊन पुन्हा सगळं विचारून घेतलं. मग म्हणाले, "दर्शन वर्ज्य आहे. स्पर्शाविषयी शास्त्रात काही म्हटलेलं मला तरी आठवत नाही."

मी आत जाऊन डॉक्टरांना विचारलं, "डोळे बांधून दिलं तर चालेल का?" डॉक्टर म्हणाले, "डोळ्यांविषयी आमच्याही शास्त्रात काही म्हटलेलं नाही. छाती पाहिजे."

दोन्ही शास्त्रांचं असं एकमत माझ्या नोकरीत पुन्हा झालं नाही.

आता डोळे कशाने बांधायचे? मी बँडेजची पट्टी आणली. हौसाबाईने ती स्वतःच्या डोळ्यांवर धरली आणि झिडकारली. "आरपार दिसतंय की! माझ्यासारख्या म्हातारीला दिसतंय, त्याला न्हाई का दिसनार?" मग तिने घरून मागवला तो पैलवानाचा फेटा. जत्रेत मानाची कुस्ती जिंकल्यावर बांधलेला, गुलाबी, चमचमणारा. मी म्हटलं, काचेच्या खोलीत जत्रेची धूळ चालायची नाही, उकळून घेते. उकळायला आमच्या चादरींबरोबर टाकला. या अल्ला! त्या फेट्याने असा रंग सोडला की सगळ्या चादरी, टोप्या, लंगोट गुलाबी. पुढे कित्येक दिवस कक्षातलं प्रत्येक बाळ लग्नाला निघाल्यासारखं दिसायचं.

फेटा बांधल्यावर हौसाबाईने दारातच परीक्षा घेतली. दोन बोटं नाचवून म्हणाली, "किती हायती?"

"दोन," पैलवान म्हणाला.

"दिसतंय मुडद्याला!"

"न्हाई आये, अंदाजानं बोललो! तू कायम दोनच दाखवतीस."

हौसाबाईने अजून दोन वेढे दिले. मी त्याला हाताला धरून आत आणलं आणि खुर्चीत बसवलं. पोरगी उचलली आणि त्याच्या त्या एवढ्या मोठ्या छातीवर ठेवली. पैलवान दगड झाला. घामाने निथळायला लागला, पण हलेना.

"पैलवान, श्वास घ्या."

"घेऊ का?" तो दात न उघडता म्हणाला. "पडंल ना ती."

"नाही पडत. बांधलीय तिला. तुम्ही श्वास नाही घेतला तर तीही घेणार नाही. तुमचं बघूनच ती घेणार आहे."

तेव्हा त्याने श्वास सोडला. छाती वर गेली, खाली आली, पोरगी वर गेली, खाली आली. मॉनिटरवरचे आकडे उडत होते ते हळूहळू जागेवर बसले. पैलवानाला काहीच दिसत नव्हतं. तो सारखा विचारत राहिला, "सिस्टर, हाय ना? हाय ना जाग्यावर?"

"आहे."

"लई हलकी हाय हो. काय वजनच लागंना."

रोज तो दोन्ही वेळा बसायचा. मला म्हणाला, "सिस्टर, हजार जोर मारून असं दमत न्हाई मी. बसून मानूस दमतो हे आत्ता कळलं." तो शिकवायचा त्या तालमीतली पोरं काचेतून बघायला यायची, ती मी हाकलून लावायचे. फेटा डोळ्यांवर बांधून उघडाबंब बसलेला वस्ताद बघून त्यांना काय वाटायचं कोण जाणे. एकाने मला दबक्या आवाजात विचारलं, "सिस्टर, हा नवीन डाव हाय का?"

पोरगी श्वास घ्यायला लागली, दूध पचवायला लागली. दूध अश्विनीचंच. ती शुद्धीवर आली होती. तिथल्या सिस्टर तिचं दूध काढून बर्फाच्या डब्यात भरून द्यायच्या आणि तिचा भाऊ मोटारसायकलवर ते आणायचा. पहिल्या दिवशी डबा आला तेव्हा पैलवानाने सवयीने विचारलं, "फॅट किती लागली?" रोज डेअरीत दूध घालणारा माणूस, दुसरं काय विचारणार? मी म्हटलं, "एक नंबर लागली. कॅन परत पाठवू नका."

पण अश्विनीचं मन थाऱ्यावर नव्हतं. ती रोज मला फोन करायची. घशात नळी घातल्यामुळे आवाज बसलेला, घोगरा. आधी वजन विचारायची, दूध विचारायची, आणि शेवटी एकच प्रश्न. "सिस्टर, ती वळखंल का मला?"

"नऊ महिने नाही, तरी आठ महिने पोटात होती तुझ्या. का नाही ओळखणार?"

"पन मी तिला बघितली पन न्हाई. तिला आता त्यांचाच वास, त्यांचीच छाती. मी गेले आन् ती रडाय लागली तर?"

मी "काहीतरीच काय" म्हणायचे आणि फोन ठेवायचे. पण खरं सांगते, मलाही खात्री नव्हती. म्हणून मी ठरवलं की आई येईपर्यंत आईला इथं जेवढी आणता येईल तेवढी आणायची.

आधी वास. मी हौसाबाईला म्हटलं, "सुनेच्या अंगाला लागलेलं एक कापड आणा, बाळाखाली घालते." दुसऱ्या दिवशी हौसाबाई घेऊन आली ती कोरी करकरीत, इस्त्री केलेली पैठणी. घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"आजी, अशी नको. वापरलेली, न धुतलेली पाहिजे."

"माझ्या सुनंचं मळकं लुगडं सरकारी दवाखान्यात आनू? गावात काय त्वांड दाखवू?"

शेवटी अश्विनीच्या भावाने नगरहून तिचा उशीवरचा टॉवेल डब्याबरोबर आणला. हौसाबाई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मग आवाज. पोटात असल्यापासून बाळाला आईचा आवाज ऐकू येत असतो, हे मला डॉक्टरांनी सांगितलेलं. मी अश्विनीला म्हटलं, "मोबाईलवर अंगाई म्हणून पाठव." तिने पाठवली. पण रेकॉर्डिंग म्हटल्यावर तिची शाळेतली शिस्त जागी झाली. "नमस्कार. मी सौ. अश्विनी. मी आपल्यासमोर एक अंगाई गीत सादर करत आहे." आणि मग त्या बसक्या आवाजात, एकेक शब्द जपून. पोरीने ढुंकूनही पाहिलं नाही. झोपली होती ती झोपलेलीच. आम्ही तीन दिवस वाजवलं. शेजारचं बाळ रडायला लागलं, पण हिच्या भुवईचा केस हलला नाही.

चौथ्या दिवशी पैलवान पोरीला घेऊन बसला होता. डोळ्यांवर फेटा, म्हणून त्याच्या मोबाईलवर आलेला निरोप मीच लावून दिला. मला वाटलं अंगाई असेल. कसली अंगाई?

"अहो! आत्ता दादा सांगत हुता, तांबडीला डोस पाजला न्हाई म्हनं! सांगितलं हुतं ना मी? का कान पन मोडलं न् मेंदू पन मोडला? आन् मोटार बंद केली का? व्हय व्हय करू नका, आदी जाऊन बगा!"

बसका होता, पण आवाज तोच. व्हरांड्यात वाजायचा तो. आणि पोरीने डोळे उघडले! भुवया वर गेल्या, ओठ हलायला लागले, जसं काही कुणी ओळखीचं दारात आलंय. मान केवढीशी, पण ती मोबाईलच्या बाजूला वळवायला बघायला लागली. मॉनिटरवरचा आकडा असा संथ झाला की मी डॉक्टरांना बोलावलं.

"पुन्हा लावा," डॉक्टर म्हणाले. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

डॉक्टर हसत म्हणाले, "आठ महिने हिने हेच ऐकलंय. अंगाई कुठे ऐकली होती?"

पैलवान फेट्याच्या आत लाजला. "तसं काय न्हाई, डॉक्टर. कधीमधीच बोलती."

मी लगेच अश्विनीला फोन लावला. "अश्विनी, अंगाई बंद. रोज दोन वेळा नवऱ्याला झापून पाठवायचं."

"अगं बाई! असं उगी कसं झापू? राग यायला पायजे ना." आणि खरंच, आजारपणाने तिला राग येईनासा झाला होता. मग पैलवानाला रोज एकेक गुन्हा करावा लागला. खोटाच. "आज गव्हानीत वैरन टाकायला इसरलो," "तुझी नवी चप्पल कुत्र्यानं नेली." एकदा तर म्हणाला, "तुझ्या आईला फोन करायला इसरलो," त्यावर जो निरोप आला तो एवढा लांब होता की पोरीचं दूध पाजून, ढेकर काढून झाला तरी चालूच होता. इतर बाळांच्या आया अंगावर बाळं घेऊन शेजारी बसायच्या, त्या मन लावून ऐकायच्या. एक म्हणाली, "सिस्टर, आमच्या ह्यांना पन ऐकवा." सगळ्या कक्षाला अश्विनीचं घर पाठ झालं. माणसं तिला न बघता ओळखायला लागली होती. पण तिचा प्रश्न रोज तोच. "ती वळखंल का मला?"

आणि एक दिवस दुपारी अश्विनीला नगरहून सोडलं. जीप थेट आमच्या दारात आली. मी तिला ओळखलंच नाही. काडी होती ती आता सावली झाली होती. अंगाला दवाखान्याच्या औषधांचा वास, हातावर सुयांचे निळे डाग. भिंतीला धरत आत आली. पैलवान नेहमीसारखा बसलेला, डोळ्यांवर फेटा, पूजेला अजून अवकाश होता. त्याला पावलांचा आवाज ऐकू आला, पण कोण ते कळलं नाही. "कोन हाय, सिस्टर?" तो म्हणाला. अश्विनी तोंडावर हात धरून उभी राहिली. तिला हसायचं होतं की रडायचं, ते तिलाच कळेना.

मी तिला हात धुवायला लावलं, खुर्चीत बसवलं, आणि पोरगी पैलवानाच्या छातीवरून काढून तिच्या छातीवर ठेवली.

आणि पोरगी रडली. जी रडत नव्हती म्हणून आम्ही काळजीत होतो, ती अशी रडली की काचा हलल्या. लालबुंद झाली, मुठी आवळल्या, अंग ताठ केलं. अश्विनी बोलायचं विसरून गेली. तोंडातून शब्द येईना. नुसती पोरीला थोपटत राहिली, हळू, घाबरत, परक्याच्या मुलाला थोपटतात तसं. पोरगी अजून चिडली.

"बघा सिस्टर," ती एवढंच म्हणाली. "म्या म्हनलं हुतं ना." आणि पोरीला माझ्याकडे द्यायला हात पुढे केले.

मी घेतली नाही. घ्यावीशी वाटली, पण घेतली नाही. इतकी वर्षं झाली या कामात, पण त्या घटकेला पुढं काय करायचं ते मला सुचेना.

इकडे पोरगी रडतेय आणि अश्विनीचा आवाज ऐकलाय, म्हणून पैलवान उठला. त्याला वाटलं, मदत करावी. डोळ्यांवर फेटा, हात पुढे पसरलेले, "काय झालं? काय झालं?" करत आला तो सरळ स्टीलच्या ट्रॉलीवर. ट्रॉलीवर नगरहून आलेलं, वाटीत काढून ठेवलेलं अश्विनीचं दूध. एका धक्क्यात वाटी खाली. सगळं दूध फरशीवर.

अश्विनीने त्या दुधाकडे पाहिलं. थेंब थेंब करून काढलेलं दूध.

"अहो!" ती कडाडली. "डोळं फुटलं का तुमचं?"

"फुटलं न्हाईत," पैलवान जागच्या जागी थांबून म्हणाला, "बांधल्यात."

"मग बसायचं एका जागी! सांगितलं हुतं कुनी उठायला? तिथं जीव काढून काढलं मी ते दूध, आन् ह्यांनी—"

आणि ती थांबली. कारण कक्षात एकदम शांतता झाली होती. पोरगी गप्प होती. रडता रडता तोंड उघडंच राहिलं होतं, मुठी सुटल्या होत्या, आणि तिने मान वर करायचा आटापिटा चालवला होता. अश्विनीच्या हनुवटीकडे. जिथून आवाज येत होता तिकडे.

अश्विनी श्वास रोखून बघत राहिली. ती गप्प झाली तसे पोरीचे ओठ पुन्हा वाकडे व्हायला लागले.

मी ओरडले, "थांबू नकोस! बोल!"

मग अश्विनी बोलली. पोरीला घट्ट छातीशी धरून, रडत रडत, लग्नापासूनचं सगळं बोलली. हळदीला उशिरा आला ते, तांबडीचा डोस, कुत्र्याने नेलेली चप्पल, जी कुत्र्याने नेलीच नव्हती. पोरगी तिच्या गळ्याशी नाक लावून ऐकत राहिली आणि हळूहळू डोळे मिटले. पैलवान मान खाली घालून मध्ये उभा, सांडलेल्या दुधात पाय, आणि "व्हय, व्हय" करत होता. त्याचे खांदे हलत होते. फेटा भिजला आणि आमच्या उकळण्यातून उरलेला होता नव्हता तेवढा रंग सुटला. दोन्ही गालांवर गुलाबी ओघळ.

बाहेरून हौसाबाईने काचेवर टकटक केलं. तिला आतलं धड दिसत नव्हतं, नुसता आवाज गेला होता. "सिस्टर, रडायला का लागली हो पोरगी?"

मी दार किलकिलं केलं आणि म्हटलं, "पोरगी केव्हाच झोपली, आजी. हा तुमचा पोरगा रडतोय."